नोकरीची जाहिरात नाही, जाहिराती मात्र आणा!

साक्री, पिंपळनेर, निजामपूरकडची आपली मुले आता पदवीधर होत आहेत. कुणी मराठी घेऊन बी.ए., कुणी जळगावच्या विद्यापीठातून पत्रकारितेचे शिक्षण घेतलेला. लिहिता येते, लिहिण्याची ओढही आहे. पण वर्तमानपत्रात पहिली नोकरी देतो कोण? ही मुले माझ्यासारख्या वकिलाकडे येतात ती "साहेब, कुठे ओळख आहे का?" एवढे विचारायला.

ओळख! उपसंपादकाच्या जागेची जाहिरात सहसा निघतच नाही. कुणाचा भाचा, कुणाच्या मित्राचा मुलगा, अशी जागा आतल्या आत भरते. जाहिरात नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून नाकारल्याचा पुरावा नाही. सरकारी शिपायाच्या भरतीत बिंदुनामावली तपासता येते. इथे काय तपासणार? २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार व योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातीचा एकही सापडला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात नेतृत्वाच्या १२१ पैकी १०६ जागा उच्चवर्णीयांकडे होत्या, आपला आकडा पुन्हा शून्य!

मग सांगतात, तालुक्याचे वार्ताहर व्हा. ओळखपत्र मिळते, पगार नाही. जाहिराती आणा, कमिशन घ्या. ज्याच्या बापाचे दुकान आहे तो दोन-चार वर्षे निभावतो. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या मुलाने काय खायचे? आणि ज्या पुढाऱ्याकडून वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, त्याच्याच आश्रमशाळेतले निकृष्ट जेवण छापायचे कसे? पवनचक्क्यांखाली गेलेल्या आदिवासींच्या जमिनींवर लिहायचे कसे? पोरगा लिहायला आला होता, त्याला वसुली कारकून केले.

कायदा नाही असे नाही. मजिठिया वेतन आयोग ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाला, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तो उचलून धरला आणि २०१७ साली कंत्राटी पत्रकारही त्यात येतात असे सांगितले. पण ज्याच्या हाती नेमणुकीचा कागदच नाही, तो कोर्टात दाखवणार काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. मुलांनी ते लेखी मागावे. सरकारी जाहिराती घेणाऱ्या वृत्तपत्रांना भरती जाहीर करण्याची अट घाला, ही मागणी चळवळीने लावून धरावी.

आता थोडे घरचे. आपली पत्रे तरी काय करतात? "चळवळीसाठी लिही" म्हणून फुकट लिहून घेतात. 'बहिष्कृत भारत'चे रकाने बाबासाहेबांनी एकट्याने भरले, हा दाखला तोंडपाठ असतो. पण बाबासाहेबांच्या पोटाला बॅरिस्टरी होती. या पोराला काय आहे? १९२० साली पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही, हे आपण दरवर्षी ३१ जानेवारीला सांगतो. त्याच 'मूकनायक'च्या संपादकपदी बाबासाहेबांनी पांडुरंग नंदराम भटकर यांना बसवले, हे क्वचितच सांगतो.

१४ एप्रिलच्या विशेषांकांना जाहिराती येतातच. त्यातली रक्कम बाजूला काढून जिल्ह्यामागे निदान एका मुलाला वर्षभर मानधन द्या. धुळ्यापासून सुरुवात करायची असेल तर साक्रीत मुले तयार आहेत.