संगणकाचे पान आपणही लिहू

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

संगणकाचा विषय निघाला की आपल्याकडची मोठी माणसे म्हणतात, "ते आपलं काम न्हवं. ते वालचंदच्या पोरांचं." विश्रामबागेतले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालापासूनचे. त्याचा आपल्याला अभिमान आहेच. पण ही विद्या त्याच्या फाटकाच्या आतच राहावी, असे मला वाटत नाही. वेबसाइट कशी बनते हे इंजिनियर नसलेल्यांनीही शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेबचे पान म्हणजे काय? साधा मजकूर आणि त्याला केलेल्या खुणा. हा मथळा, हा परिच्छेद, इथे चित्र. भित्तिपत्रक लावताना आपण हेच तर ठरवतो! या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. ते पान नोटपॅडमध्ये लिहिता येते आणि इंटरनेट नसले तरी त्याच संगणकावर उघडून बघता येते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. १९९३ मध्ये सर्न या संस्थेने वेब सगळ्यांना फुकट वापरायला दिले. फुकट मिळालेली विद्या आपण का सोडायची?

कोणी म्हणेल, "प्रोग्रॅम लिहायला येत नाही, त्याचं काय?" त्याच्या आधी रचना समजावी लागते, आणि रचना आपण रोज दुपारी बघतो. पोषण आहाराच्या वेळी वाढणारे पुढे असतात, शिजवणाऱ्या मावशी आत असतात आणि तांदूळ-डाळ कोठीत असते. आपण कोठीत शिरत नाही, नुसतं ताट पुढं करतो. वेबसाइटचेही असेच तीन भाग असतात : दिसणारे पान, आतले काम करणारा भाग आणि माहितीची कोठी. या कोठीला डेटाबेस म्हणतात. कामे वेगळी ठेवली की खिचडी खारट झाल्यावर चूक चुलीपाशी शोधायची, कोठी उपसत बसायची नाही. यालाच सॉफ्टवेअरचा आराखडा म्हणतात. तो समजायला पदवी लागत नाही.

आता तर मराठीत सांगितले तरी यंत्र प्रोग्रॅम लिहून देते. मग शिकायचे कशाला? गवंडी कितीही हुशार असला तरी चूल कुठं हवी ते घरातल्या बाईलाच सांगावं लागतं. काय हवे ते नीट सांगता आले नाही, तर यंत्र तरी काय करणार?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी काय केले ते पाहा. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की मुलांना कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांना काय हवे ते त्यांनी आधी ओळखले, तंत्र मागून आले.

आपल्याला काय हवे? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सरकारी आकडे येतातच, पण आजीला ते वाचून कळत नाहीत. कोठीत रोजचे आकडे ठेवावेत, ४५ फूट झाले की आतल्या भागाने ओळखावे आणि पान लाल व्हावे. लाल रंग तर आजीलाही कळतो! असे पान आपल्या माणसांसाठी दुसरे कोण करणार? नाहीतर साध्या दाखल्याच्या अर्जालाही आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहू.

पालकांनो, मोबाइलवर गेम खेळताना दिसलो तर जरूर रागवा. पण आठवड्यातून एक तास शिकण्यासाठी द्या, आणि मुलगा-मुलगी भेद करू नका. दोस्तांनो, संगणक मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. आज वहीच्या मागच्या पानावर तीन चौकोन काढा : काय दिसेल, काय घडेल, काय साठवायचे. सुरुवात एवढीच आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी