पांघरूण घालणारी बहीण



खुनाची कादंबरी आणि ती इथे? असं काहीजणींना वाटेल. एरवी आपण घरातल्या गोष्टी बोलतो, सणावारांच्या, व्रतांच्या, मुलांच्या. पण ही कादंबरीही घरातलीच आहे. त्यात पोलिसांपेक्षा स्वयंपाकघर जास्त आहे आणि बंदुकीपेक्षा फरशी पुसण्याचं फडकं.

कादंबरीचं नाव ‘माय सिस्टर, द सीरियल किलर’. नायजेरियाच्या ओयिंकान ब्रेथवेट यांनी लिहिलेली, २०१८ मध्ये आलेली. पुढच्याच वर्षी ती बुकर पुरस्काराच्या लांब यादीत होती. गोष्ट लागोस शहरातल्या दोन बहिणींची. मोठी कोरेडे, हॉस्पिटलात नर्स. शिस्तीची, नीटनेटकी, कामाला वाघ. धाकटी अयूला, देखणी, लाडावलेली. अयूलाच्या हातून तिचा मित्र मारला जातो आणि ती ताईला फोन करते. ताई साफसफाईचं सामान घेऊन निघते. ही तिसरी वेळ असते.

वाचलेल्या बहुतेकजणी म्हणतात, “धाकटी काय भयंकर आहे! मोठी बिचारी.” आमच्या सूसच्या सोसायटीतल्या भिशीतही हाच सूर निघाला. मला मात्र उलट वाटतं. अयूला भयंकर आहेच, त्यात वाद नाही. पण ती एकटी असती तर पहिल्याच वेळी पकडली गेली असती. दुसरा आणि तिसरा माणूस मेला तो कोरेडेच्या टापटिपीमुळे. तिने रक्त पुसलं म्हणून पुढचं सांडलं.

आपल्याकडे यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि कोणी केलं त्याला संमती दिलेलं. प्रतिक्रमणात आपण तिन्हींची क्षमा मागतो. लहानपणी मला तिसऱ्याचं नवल वाटायचं. मी काही केलंच नाही, तर क्षमा कसली? कोरेडेकडे पाहिलं की ते कळतं. तिने सुरी कधी उचलली नाही, पण तिचे हात कोरडे म्हणवत नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप आहे. त्या घरातला बाप मारकुटा होता. दोघी मुलींनी एकमेकींच्या आडोशानेच बालपण काढलं. बाहेरून कोणी मदतीला येत नाही हे ज्या मुली लहानपणीच शिकल्या, त्या मोठेपणी बाहेर सत्य सांगायला कशा जातील? हे मला पटतं. धाकटीला सांभाळायचं हे ओझं आपणही थोरल्या मुलीच्या डोक्यावर किती सहज ठेवतो, “तू मोठी ना, तू समजून घे.” पण कोरेडेचं दुःख समजून घेणं वेगळं आणि तिच्या फडक्याला प्रेम म्हणणं वेगळं. मेलेल्या मुलांनाही बहिणी असतात. ही कादंबरी मला आवडली ती त्यामुळेच, कारण तिला मेलेल्याचा विसर पडत नाही. तो मुलगा कविता लिहायचा आणि त्याचा विचार कोरेडेची पाठ सोडत नाही.

“असं गोष्टीतच होतं,” असं म्हणायची सोय आपल्याला महाराष्ट्रात नाही. कोल्हापूरचं अंजनाबाई गावित प्रकरण आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. आई अंजनाबाई आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. दोघींची आई एक, वडील वेगळे. तिघी गर्दीत चोऱ्या करायच्या. कडेवर मूल असलेल्या बाईचा कोणी संशय घेत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि मुलं पळवायला लागल्या. १९९० ते १९९६ या काळात १३ मुलं पळवल्याचा आणि त्यातल्या ९ जणांना मारल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला. आई निकालाआधीच वारली. मुलींना कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने फार वर्षं लावली म्हणून २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती त्यांची एकजूट. सहा वर्षं! एकीला नाही तर दुसरीला, कधीतरी वाटायला हवं होतं की बस, आता मी जाऊन सांगते. रेणुकाचा नवराही माफीचा साक्षीदार झाला तो अटकेनंतर. अटकेआधी त्या घरातून एकही आवाज बाहेर आला नाही. आपण एकीचं बळ, एकीचं बळ म्हणून कौतुक करतो. एकी कशासाठी हे विचारायला विसरतो.

आपल्या घरात खून होत नाहीत. पण पांघरुणं असतातच. बहिणीने नणंदेचे दागिने परस्पर मोडले, आपण गप्प. बहीण कामवालीच्या पोरीवर हात उगारते, आपण म्हणतो, तिचा स्वभावच तसा. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्या पिढीला दुधातून पाजलं गेलंय. मग बहिणीचं सगळंच चव्हाट्यावर मांडायचं का? मुळीच नाही. तिचं दुःख, तिची आजारपणं, तिचे संसारातले पेच आपल्या पोटात राहावेत. त्यासाठीच तर बहीण असते. मी एकच कसोटी लावते. आपण गप्प राहिल्याने तिसऱ्या कुणाला इजा होते आहे का? होत असेल, तर ते गुपित उरत नाही, ते अनुमोदन होतं.

आपल्या परंपरेतल्या दोन बहिणी इथे आठवतात. ऋषभदेवांच्या मुली ब्राह्मी आणि सुंदरी. एकीला वडिलांनी लिपी शिकवली, दुसरीला गणित. श्वेतांबर परंपरेत कथा अशी आहे की भाऊ बाहुबली वर्षभर ध्यानात उभा, अंगावर वेली चढलेल्या, तरी केवलज्ञान होईना. तेव्हा या दोघी गेल्या आणि म्हणाल्या, भाऊराया, हत्तीवरून खाली उतर. हत्ती कुठला? अहंकाराचा! सगळं जग ज्याच्या तपाला हात जोडत होतं त्याला त्यांनी त्याचा दोष सांगितला, तोही गोड शब्दांत, तोंडावर.

कादंबरीचा शेवट मी सांगत नाही. वाचा आणि शक्य असेल तर बहिणीबरोबर वाचा. वाचून झाल्यावर तिला विचारा, “मी चुकले तर तू मला सांगशील ना?” आणि ती हो म्हणाली की तिला सांगा, मीही सांगेन.