कर वाचला, घराचे काय?

मराठी मध्यमवर्गीय माणूस वर्षातून एकदा अर्थशास्त्रज्ञ होतो. तो महिना मार्चचा. अकरा महिने ज्याचा अर्थविचार भाजीवालीशी हुज्जत घालण्यापलीकडे जात नाही, तो ह्या महिन्यात हप्ते, वजावटी आणि पावत्या ह्यांवर तासन्‌तास बोलतो. कोणाच्या तरी शब्दाखातर एखादी पॉलिसी घेतो आणि 'यंदा एवढा कर वाचवला' असे चारचौघांत समाधानाने सांगतो. पण त्याला जर कोणी विचारले, की 'अण्णा, उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर राहता ब्लॉक कोणाचा होईल?' तर अण्णांचा चेहरा उतरतो. 'शुभ बोला हो मास्तर!' एवढेच उत्तर मिळते.

माझे भांडण ह्या 'शुभ बोला'शी आहे.

मी वकील नव्हे आणि हिशेबतपासनीसही नव्हे. शिक्षणाने मॅट्रिक, पोटासाठी शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. कादंबरीकार म्हणून खरे तर मी भाऊबंदकीचे उपकारच मानायला हवेत. ती नसती तर कित्येक मराठी कादंबऱ्या चौथ्या प्रकरणातच संपल्या असत्या. परंतु कागदावर जी गोष्ट रंगते, ती शेजारच्या घरात घडताना पाहवत नाही. म्हणून हा लेख.

पहिल्याने कराचेच घेऊ, कारण तो आमचा लाडका विषय. आपल्या देशात १९५३ सालापासून मृत्युकर होता. मोठ्या मालमत्तेवर त्याचा दर वरच्या पायरीला शेकडा ८५ पर्यंत गेला होता. तो १९८५ साली रद्द झाला. संपत्तिकरही २०१५ साली गेला. आज बापाचे घर मुलाला किंवा नवऱ्याची ठेव बायकोला वारशाने मिळाली, तर त्या मिळण्यावर कर नाही. पुढे त्यातून उत्पन्न झाले किंवा ती वस्तू विकून नफा झाला, तर त्यावर आहे. तरीही 'मृत्युपत्र केले की सरकार मध्ये पडते' ही भीती आमच्या घरांतून चाळीस वर्षांत गेली नाही. कर गेला, त्याची भुताटकी तेवढी राहिली.

दुसऱ्या बाजूला गंमत पाहा. २०२५-२६ ह्या वर्षापासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. आणि त्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची जुनी दीड लाखाची वजावटही नाही. म्हणजे ज्यांना मुळात करच लागत नाही, अशी कितीतरी घरे 'कर वाचवण्यासाठी' वीस वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेतात. काही हजारांसाठी एवढी अक्कल खर्च करणारा माणूस चाळीस लाखांचे घर मात्र निव्वळ दैवावर सोडून देतो. ह्याला मी काटकसर म्हणत नाही. हा हिशेबाचा आंधळेपणा आहे.

ह्यावर जी उत्तरे मिळतात, ती ठरलेली आहेत.

पहिले उत्तर : 'आमच्याजवळ आहे काय, मास्तर? मृत्युपत्रे श्रीमंतांनी करावीत.' मला तर उलट वाटते. श्रीमंताजवळ दहा घरे असतात, आणि ती वाटताना निस्तरायला वकील असतात. आमच्याजवळ एक ब्लॉक, बँकेत एखादी ठेव, फंडाचे पैसे आणि गावाकडे भावांच्या समाईकातली एक-दोन एकर जमीन. आईच्या बांगड्या वाटता येतात. दोन खोल्या वाटता येत नाहीत. ज्याच्याजवळ एकच घर आहे, त्यानेच ते कोणाचे हे लिहून ठेवण्याची निकड अधिक. आणि ठेवींचे म्हणाल, तर दहा वर्षे कोणी न विचारलेले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये साठले होते. एवढी रक्कम काही कारखानदार विसरून गेले नसतील. ज्यांनी बायकोलाही पासबुकाची जागा सांगितली नाही, अशा तुमच्याआमच्यासारख्यांचाच त्यात मोठा वाटा असणार.

दुसरे उत्तर : 'मी नॉमिनी लावला आहे.' हे वाक्य आमच्याकडे मंत्रासारखे म्हणतात. पण नॉमिनी म्हणजे सामान्यतः पैसे हाती घेणारा माणूस, मालक नव्हे. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितले. विम्यापुरता कायदा २०१५ साली बदलला आणि आईबाप, नवरा-बायको, मुले हे नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच झाला. पण शेअरांच्या बाबतीत 'नॉमिनी मालक नव्हे' हेच त्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. गृहनिर्माण संस्थेच्या कायद्यात तर नॉमिनीला खरे वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असेच मानले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पण चार हमाल लावले म्हणून गाठोड्याचा मालक बदलत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत धोक्याचे : 'माझ्यामागे सगळे बायकोचेच. कायदाच तसा आहे.' कायदा तसा नाही! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची बायको, त्याची मुले, त्याच्या मुली आणि त्याची आई ह्यांना सारखे हिस्से मिळतात. आता शाळेतले गणित करू. एक गृहस्थ वारला. मागे आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. घराचे चार हिस्से झाले. ज्या घरात त्या बाईने तीस वर्षे चूल पेटवली, त्यातला चौथा हिस्सा तिचा. पुढे सासूबाई मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांना आणखी एक मुलगा आणि एक मुलगी आहे. सासूबाईंच्या चौथ्या हिश्शाचे पुन्हा तीन भाग : एक दिराचा, एक नणंदेचा, आणि एक वारलेल्या मुलाच्या दोन मुलांचा मिळून. दीर आणि नणंद प्रत्येकी एक बारांश घराचे मालक झाले. त्या हिश्शातून सुनेला काहीच नाही. आता ब्लॉक विकायचा तर दिराची सही हवी, नणंदेची हवी. आणि ती नणंद परदेशात असली, तर तिच्या मुखत्यारपत्राची वाट पाहत बसा. ह्यात दुष्ट कोणीच नाही. दोष असलाच तर त्या न लिहिलेल्या एका कागदाचा.

चौथे उत्तर देताना आमच्या लोकांचा गळा भरून येतो : 'आमच्या मुलांत प्रेम आहे, कागद कशाला?' ह्या प्रेमाचे एक रूप दिवाळीतच पाहायला मिळते. भाऊबीजेला बहीण माहेरी येते, ओवाळते. आणि फराळ आटोपल्यावर हळूच विषय निघतो, की सातबाऱ्यावर तुझे नाव कशाला, उद्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर तेवढी सही करून जा. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा एवढा पुढे आला, आणि आम्ही साडीचोळीवर बहिणीचा हिस्सा मिटवतो! जी सही करते ती मायाळू. जी करीत नाही तिचे माहेर तुटले. जे प्रेम सहीवर टिकते आणि सहीवाचून तुटते, ते प्रेम नव्हे. तो दस्तऐवजच आहे, फक्त मुद्रांक बहिणीच्या डोळ्यांतल्या पाण्याचा.

येथे एखादा चाणाक्ष वाचक मला अडवील. तो म्हणेल, 'मास्तर, मृत्युपत्र नसले तर मुलीला कायद्याने सारखा हिस्सा तरी मिळतो. मृत्युपत्र केले, की बाप सगळे मुलाच्या नावे लिहून मोकळा होतो. तुमच्या उपदेशाने मुलींचेच नुकसान.' आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मृत्युपत्र हे दुधारी शस्त्र आहे. मुलीला वगळण्यासाठी ते आजही चालवले जाते. पण सुरी बोट कापते म्हणून कोणी भाजी चिरणे सोडत नाही. माझे म्हणणे असे, की मृत्युपत्र करावे, आणि ते करून बायको, मुलगा, मुलगी ह्यांना एकत्र बसवून वाचून दाखवावे. जो कागद मुलीसमोर मोठ्याने वाचायची बापाला लाज वाटते, तो अन्यायाचा कागद आहे हे त्याचे त्यालाच कळेल. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. शहरातल्या पदवीधरांना तेवढे तरी जमावे.

आणि बायकांनी? त्यांनी तर आधी लिहावे. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिची स्वतःच्या कमाईची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईबापांकडे नव्हे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. ती गेली आणि तो पैसा मिळाला सासरच्यांना. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याचे शब्द तसेच होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. न्यायाधीशांनी निकालपत्रात अशी विनवणी करावी, ह्यातच सर्व आले.

एवढ्या बडबडीवरून वाटेल, की काम फार अवघड आहे. मुळीच नाही. साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्तीची नाही. आपली सही, आणि ती पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार शक्यतो ज्यांना त्यातून काही मिळायचे नाही असे, आणि आपल्याहून वयाने लहान असावेत. मन बदलले तर जिवंत असेपर्यंत कागद केव्हाही बदलता येतो. आपली स्वकष्टाची मिळकत आणि समाईकातला आपला हिस्सा हिंदू माणसाला असा लिहून देता येतो. मुसलमान बांधवांना इतर वारसांच्या संमतीवाचून एक तृतीयांशापुरतेच लिहिता येते, आणि गोव्यात अर्धी मिळकत मुलाबाळांसाठी राखूनच ठेवावी लागते. तेव्हा ज्याचा त्याचा कायदा जाणत्याला विचारून घ्यावा. मृत्युपत्राबरोबर एक यादी असावी : खाती कोठे, विमा कोणता, कर्ज किती, कोणाचे देणे, कपाटाची किल्ली कोणाकडे.

आम्ही लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहतो. त्या वहीत घेणे-देणे असते, पण आपल्यामागे कोण कोठे राहील, हे कधी नसते. यंदा पूजा झाल्यावर त्याच वहीचे एक पान फाडून घ्या आणि बायकोला शेजारी बसवून नुसती यादी तेवढी करा. तिला ठाऊक नसलेल्या किती गोष्टी त्यात निघतात ते मोजा. जितक्या निघतील, तितके दिवस तिला उद्या कचेऱ्यांचे जिने चढावे लागणार आहेत.