आरोग्यचिंतन : आतड्यातील पॉलिप आणि रंगांची साक्ष

दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी होते, आतील पॉलिप म्हणजे कोंबासारखी वाढ काढली जाते आणि घरची मंडळी अहवालाची वाट पाहू लागतात. अशातच निरोप येतो : ‘स्पेशल स्टेन करावा लागेल, विलंब होईल, शुल्कही वेगळे पडेल.’ मन धास्तावते, क्वचित शंकाही घेते. म्हणून या रंजनाचे प्रयोजन जाणून घेणे हितावह ठरेल.

काढलेला पॉलिप फॉर्मालिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मिलिमीटरच्या सुमारे २००व्या भागाइतके पातळ काप घेऊन त्यांवर हिमॅटॉक्सिलिन व इओसिन ही द्रव्ये चढवतात. पेशींची केंद्रे निळसर जांभळी व उर्वरित भाग गुलाबी दिसतो. बहुतेक पॉलिपांचा निर्णय एवढ्यावरच होतो.

काही पॉलिप मात्र फसवे असतात. देठ असलेला पॉलिप पिळवटला गेला, तर त्यातील ग्रंथी खालच्या थरात ढकलल्या जातात आणि कर्करोगाने शिरकाव केल्याचा भास होतो. शिरकाव खरा असेल, तर आतड्याचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया लागू शकते. भास असेल, तर ती निष्कारण ठरते. अशा वेळी विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे वापरून काप रंगवतात. ‘डेस्मिन’ स्नायूंचा थर स्पष्ट करते, तर ‘डी२-४०’ लसिकावाहिन्यांच्या भिंती. त्यामुळे ग्रंथी कोणत्या थरात आहेत आणि वाहिन्यांत कर्कपेशी शिरल्या आहेत का, हे ठरवण्यास मदत होते.

पॉलिपात कर्करोग आढळल्यास एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ व एमएसएच६ ही चार प्रथिने तपासतात. पेशीविभाजनाच्या वेळी जनुकांच्या नकलेत राहिलेल्या चुका ती दुरुस्त करतात. एखादे प्रथिन न आढळले, म्हणजे दोष आनुवंशिकच असे नव्हे. परंतु ‘लिंच सिंड्रोम’ची शक्यता पुढील चाचण्यांनी पडताळावी लागते. तो सिद्ध झाल्यास भावंडांना व मुलांना वेळीच सावध करता येते.

तात्पर्य, अधिक रंजन मागितले म्हणजे अशुभ वार्ता नव्हे. सराफ सोने कसोटीला लावतो, तशीच ही पारख होय. ‘या रंजनाने कोणता प्रश्न सुटणार आहे?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. घराण्यात कोणास आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झाला असल्यास तेही आवर्जून सांगावे. आणि पेढीचे दप्तर जपतो त्याच निगुतीने हा अहवाल जपून ठेवावा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास प्रयोगशाळेकडून मेणाचा ठोकळाही मागता येतो.