पट्टा ठिकाण सांगतो, राखण करीत नाही

कुत्र्याच्या, गाईच्या किंवा शेळीच्या गळ्यात बांधायचा जीपीएस पट्टा आता खेडोपाडी येऊन पोहोचला आहे. पट्टा बांधला की जनावर हरवणार नाही, चोरीला जाणार नाही, कुठे आहे ते घरबसल्या मोबाइलवर दिसेल, असे विक्रेते सांगतात. किंमत काही हजार रुपये, शिवाय दरवर्षी सिमकार्डाचा खर्च वेगळा. एवढे पैसे मोजण्याआधी हा पट्टा कितपत भरवशाचा आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे.

गरज खरी आहे, यात दुमत नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात उसात बिबट्यांचा वावर असतो आणि मळ्यातल्या वस्तीवरचा कुत्रा हे त्याचे हमखास भक्ष्य. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे डांगी जनावरे पावसाळ्यात रानात चरायला सोडतात. ती धुक्यात, दऱ्याखोऱ्यांत पांगली म्हणजे शोधण्यात अख्खा दिवस मोडतो. मेंढपाळाचे तर सगळे घरदारच चालते फिरते. अशा माणसाला पट्ट्याचा मोह झाला तर नवल नाही.

बऱ्याच जणांची समजूत अशी की, उपग्रह वरून आपल्या जनावराला पाहतो. तसे मुळीच नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त वेळेचे व स्वतःच्या जागेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की पट्ट्यातले यंत्र आपली जागा स्वतः मोजते. उपग्रहाला तुमच्या खंड्याची काही खबर नसते. मोजलेली जागा तुमच्यापर्यंत आणण्याचे काम पट्ट्यातले सिमकार्ड करते, आणि त्यासाठी मोबाइलची रेंज लागते. म्हणजे कामे दोन झाली. जागा ओळखणे हे एक आणि ती कळवणे हे दुसरे. पट्टा फसतो तो बहुधा दुसऱ्या कामात.

पहिले काम आता पुष्कळ सुधारले आहे. २ मे २००० पूर्वी अमेरिकन सरकार सर्वसामान्यांसाठीच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. आज उघड्या आभाळाखाली चूक चार-पाच मीटरवर आली आहे. पण हे उघड्या माळाचे गणित झाले. संकेत फार क्षीण असतात. पत्र्याच्या गोठ्यात, स्लॅबखाली किंवा दाट झाडीत ते अडतात. कड्याच्या कुशीत ते दगडावर आपटून वळून येतात आणि जनावर ओढ्याच्या पलीकडे असल्याचे दाखवतात. कुत्रा पडवीत निवांत झोपलेला असताना 'हद्द ओलांडली' असा इशारा रात्री दोन वाजता येतो, त्याचे कारण हेच. असे दोन-चार खोटे इशारे आले की माणूस आवाज बंद करून टाकतो, आणि खऱ्या वेळी पट्टा मुका होतो.

दुसऱ्या कामाची गोष्ट आणखी नाजूक आहे. स्वस्तातले अनेक पट्टे जुन्या टू-जी जाळ्यावर चालतात. जिओकडे टू-जी सेवा नाहीच. म्हणजे ज्या पाड्यावर फक्त जिओची रेंज आहे, तिथे तो पट्टा गळ्यातले नुसते ओझे. शिवाय रेंज कमी असली की यंत्र ती शोधत राहते आणि बॅटरी लवकर उतरते. दर मिनिटाला जागा कळव म्हणाल तर पट्टा लवकर थकेल. तासाला एकदा म्हणाल तर दिवस जास्त मिळतील, पण तासाभरात धावणारे कुत्रे कुठल्या कुठे जाते. खोक्यावर लिहिलेले बॅटरीचे दिवस हे कमी वेळा कळवण्याच्या हिशेबाने दिलेले असू शकतात, हे विचारून घ्यावे.

आता मोठ्या जनावरांचे उदाहरण पाहू. २००९ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या पकडला गेला. संशोधिका विद्या अत्रेय यांनी त्याला जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडून दिले. 'आजोबा' नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. कसारा परिसरातून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून साधारण महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईजवळ पोहोचला, ही माहिती पट्ट्यामुळेच मिळाली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा मात्र तो आजोबाच आहे हे पटले ते कातडीखाली बसवलेल्या चिपवरून.

विदर्भातही दोन्ही बाजू दिसल्या. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि ३,००० किलोमीटरहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याच्या पट्ट्याने वाट अचूक टिपली. त्याआधी उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध 'जय' वाघ मात्र एप्रिल २०१६ पासून गळ्यातल्या पट्ट्यासकट बेपत्ता झाला. तज्ज्ञांनी बांधलेल्या महागड्या पट्ट्याची ही कथा, तर बाजारातल्या पट्ट्याकडून किती अपेक्षा ठेवायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी दोन गैरसमज आहेत. चावीला लावायचे छोटे गोल बिल्ले काही जण 'जीपीएस' म्हणून विकतात. त्यात जीपीएस नसते. जवळून कुणाचा जुळणारा मोबाइल गेला तरच त्यांची जागा कळते. शहराच्या पेठेत ते ठीक आहे, पण डोंगरावर कोण मोबाइल घेऊन तुमच्या गाईजवळून जाणार? दुसरे म्हणजे पशुसंवर्धन विभागाचा बारा अंकी पिवळा बिल्ला. तो जनावराची ओळख सांगतो, ठिकाण नाही. पण म्हणून तो कमी मोलाचा नाही. चोरीचे जनावर बाजारात सापडले तर 'हे माझेच' असे सिद्ध करायला त्याचाच आधार होतो. पट्टा चोर पहिल्या पाच मिनिटांत कापून फेकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिबट्याच्या बाबतीत पट्ट्यावर मुळीच विसंबू नये. बिबट्या कुत्रे उचलतो ते काही क्षणांत. पट्ट्याचा निरोप येईपर्यंत सगळे आटोपलेले असते. बिबट्या गळा धरतो, हे ओळखून धनगर मंडळी कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, तो रात्री अधिक उपयोगी. गोठ्याला वरपर्यंत पक्की जाळी, दाराला कडी, अंगणात उजेड आणि रात्री कुत्रे आत बांधणे, याला आजही पर्याय नाही. आणि मोबाइलवर ठिपका उसाच्या फडात दिसला म्हणून काठी घेऊन रात्री फडात शिरू नका. कुत्र्यापायी माणूस जायचा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि उजाडेपर्यंत थांबा.

मग पट्टा घ्यायचाच नाही का? तसे आमचे म्हणणे नाही. नॉर्वेत शेळ्यांना असे पट्टे बांधून, तारेचे कुंपण न घालता त्या हद्दीत राखल्या जातात. आपल्याकडेही उघड्या माळावर, चांगल्या रेंजमध्ये पट्टा शोधाशोधीचे कष्ट वाचवू शकतो. पण आपण नवे बियाणे आधी दोन गुंठ्यांत पेरून पाहतो, मगच एकराचा विचार करतो. पट्ट्यालाही तोच न्याय लावा.

घेण्याआधी दुकानदाराला विचारा: सिम कोणत्या कंपनीचे, टू-जी की फोर-जी? रेंज नसताना जागा साठवून नंतर पाठवतो का? वर्षानंतर खर्च किती? बॅटरी बदलून मिळते का? मग कळपातल्या एकाच जनावरासाठी एकच पट्टा घ्या आणि आठ दिवस परीक्षा घ्या. पट्टा स्वतःच्या हातात धरून विहिरीवर, गोठ्यात, फडाच्या कडेला, ओढ्यात उभे राहा. मोबाइलवर जागा कुठे दिसते आणि किती मिनिटांनी दिसते, ते वहीत लिहा. ठिपक्याशेजारची वेळ नेहमी वाचा. ठिपका दिसतो, पण तो तासापूर्वीचा असला तर ती शिळी बातमी आहे. पट्टा व गळा यांत दोन बोटे जातील एवढी जागा ठेवा. पावसाळ्यात तो रोज काढून कातडी पाहा, नाहीतर घासून जखम होते आणि अळ्या पडतात.

ही परीक्षा एकट्या शेतकऱ्यावर सोडणे मात्र बरोबर नाही. बियाण्याला उगवणीची टक्केवारी छापावी लागते, मग पट्ट्याला का नको? राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्राने बाजारातले चार-पाच पट्टे घेऊन इगतपुरीचा डोंगर, निफाडचा ऊस आणि सिन्नरचा माळ अशा तीन ठिकाणी तपासावेत आणि निकाल शेतकऱ्यांपुढे मांडावेत. फार मोठा खर्च नाही. तोवर घोटीच्या बाजारात वा प्रदर्शनात कुणी 'शंभर टक्के खात्री' म्हणाला, तर त्याला तिथेच सांगा, 'चला आमच्या गोठ्यात, पत्र्याखाली दाखवा.' खरा विक्रेता असेल तो येईल.