मावशीकडे लंडनला, आई-बाबांशिवाय!

सुटीत नागपूरहून मावशीकडे लंडनला जायचंय, पण आई-बाबांना रजा नाही? तरीही जाता येतं! मात्र तयारी परीक्षेआधीच सुरू करा.

आधी पासपोर्ट. नागपुरात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. मुलांच्या अर्जाला सहसा आई-बाबा दोघांची संमती लागते. मग ब्रिटनचा पर्यटक व्हिसा. त्यासाठी प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो. १८ वर्षांखालच्यांना जास्तीचे दोन प्रश्न असतात : सोबत कोण, आणि तिथे सांभाळणार कोण? मामा सोबत असेल, तर त्याचं नाव नि पासपोर्ट क्रमांक अर्जात हवा. ऐन वेळी मामाऐवजी काका निघाले, तर तिथे प्रवेश नाकारला जाऊ शकतो!

‘एवढा अविश्वास कशाला?’ असं वाटेल. पण मुलांना फूस लावून परदेशी नेणारेही असतात ना! म्हणूनच आई-बाबांचं संमतीपत्र मागतात. त्यात तारखा, मावशीचा पत्ता, फोन आणि सह्या असाव्यात. सोबत जन्मदाखलाही ठेवा. ही कागदपत्रं मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हवीत.

आणि मावशीचा फोन नंबर? तो मात्र पाढ्यांसारखा तोंडपाठच हवा!