स्वखुषीचे श्रम आणि आपला कालवा

एखादा कारखाना बंद पडला म्हणजे त्याच्या जागेचें काय करावें, हा प्रश्न बहुधा जमिनीच्या भावावरच सोडविला जातो. परंतु याहून निराळा मार्ग आहे, व तो इंग्लंडांतील सामान्य लोकांनीं दाखविला आहे.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस 'ब्लॅक कंट्री', म्हणजे काळा मुलूख, नांवाचा प्रदेश आहे. तेथें डडलीजवळ विंडमिल एंड येथें पूर्वीं कोळशाच्या खाणी होत्या. खाणींत सांचणारें पाणी वाफेच्या यंत्रानें उपसून कालव्यांत सोडीत. 1928 सालीं तें यंत्र थांबलें. यंत्रघराच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. देशभर मालाच्या नावा कमी झाल्या व अनेक कालवे गाळानें भरले. तेव्हां 1946 सालीं रॉबर्ट एकमन व टॉम रोल्ट यांनीं जलमार्गांच्या रक्षणार्थ संस्था स्थापिली. पुढें ठिकठिकाणच्या लोकांनीं सुटीच्या दिवशीं चिखलांत उतरून, एक पैहि न घेतां, कालवे मोकळे केले. आणि त्याच विंडमिल एंड येथें स्वयंसेवकांनीं नौकोत्सव भरविले.

आतां आपल्याकडे पाहूं. 1915 सालीं खोपोलीस व 1922 सालीं भिवपुरीस टाटांचीं वीजघरें सुरू झालीं. घाटमाथ्यावरील धरणांचें पाणी नळांतून खालीं येतें, चक्रें फिरवितें, आणि आपलें काम संपवून पुढें जातें. खोपोलीचें पाणी पाताळगंगेस मिळतें; भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला वाहतो व कर्जत तालुक्यांतील शेतकरी उन्हाळ्यांतहि भात पिकवितो. यंत्राचें उरलेलें पाणी शेताचें जीवन होतें, ही केवढी कृपा!

कोणी म्हणेल, मग आपणहि होड्यांचा उत्सव भरवूं. माझें मत तसें नाहीं. राजनाला शेतीसाठीं आहे, क्रीडेसाठीं नव्हे. वाहत्या कालव्यांत मुलांस उतरविणें म्हणजे त्यांचे प्राण संकटांत घालणें होय. अनुकरण करावयाचें तें नावांचें नव्हे, स्वखुषीच्या श्रमांचें.

आपण कालव्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या व निर्माल्य टाकतों, आणि पाणी तुंबलें कीं पाटबंधारे खात्यास दोष देतों. खातें दरवाजे दुरुस्त करील. परंतु कचरा टाकणारे आपले हात तें कसें आवरील? म्हणून माझी सूचना अशी कीं, वर्षांतून एक दिवस, पाणी बंद असतां, खात्याच्या संमतीनें व वडील माणसांच्या देखरेखीखालीं, शाळा व गांव यांनीं मिळून काठ स्वच्छ करावा. सायंकाळीं तेथेंच सर्वांनीं एकत्र बसून भाकरी खावी व गाणीं म्हणावीं. तोच आपला उत्सव.

विद्यार्थिमित्रांनो, मंदिराच्या भांडारांत विधवेनें टाकलेल्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्हीं ऐकलीच आहे. घमेलेंभर गाळहि तसाच थोडा दिसतो. पालकांस माझी एवढीच विनंति कीं, त्या दिवशीं मुलांस नुसतें पाठवूं नये; आपणहि त्यांच्याबरोबर यावें.